सिएटलमध्ये उद्या बर्फ! हा एक दिवस पुरेपूर कसा उपभोगावा?

रिमझिम (मंगळवार, रात्री ८:१०)

नमस्कार मंडळी. आम्ही मागच्या ऑगस्टमध्ये सिएटलला आलो, वॉलिंगफर्डमध्ये भाड्याच्या घरात राहतो. नवरा या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी आहे, घरी मी आणि माझी सहा वर्षांची लेक. ऑक्टोबरपासून पावसाशी आमचं बऱ्यापैकी जमलंय. रेनकोट कायम दाराशी टांगलेला, आकाश करडं असलं तरी रोज बाहेर पडायचं, छत्रीच्या भानगडीत पडायचं नाही. आणि आज दुपारपासून एकदम सगळे म्हणायला लागलेत की रात्रीतून तीन ते पाच इंच बर्फ पडणार! लेकीने बर्फ फक्त लांबून, डोंगरांवरचा पाहिलाय.

ऑफिसने उद्या घरूनच काम करा म्हटलंय, पण मी सरळ रजा टाकली. खबरदारीच्या याद्या भरपूर वाचून झाल्या, त्या नकोत. दुकानात बर्फावरून घसरायच्या स्लेड संपल्यात, गाडीचे टायर साधे आहेत. खरा बर्फ हवा असेल तर डोंगरातल्या स्नोक्वाल्मी पासला (घाटात) जा, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. पण शेजारच्या आजी म्हणाल्या, "शहरात असा दिवस कधीतरीच येतो, तो इथेच घालव." मला त्यांचं म्हणणं पटलंय, पण घालवायचा कसा ते कळत नाहीये. कुठे जावं, किती वाजता जावं, काय चुकवू नये? जुन्या सिएटलकरांनी कृपया सांगावं.

टेकडीकर (मंगळवार, रात्री ९:०५)

रिमझिम, रजा टाकलीत हे फार चांगलं केलंत. मी २००४ पासून क्वीन ॲन टेकडीवर राहतो आणि बर्फाच्या दिवशी घरात बसलेल्या माणसाची मला मनापासून हळहळ वाटते. म्हणून सविस्तर लिहितो.

पासला अजिबात जाऊ नका. तो तीन हजार फुटांवर आहे, तिथे दर हिवाळ्यात सरासरी चारशे इंचांच्या वर बर्फ पडतो, मार्चमध्ये गेलात तरी मिळेल. आपल्या विमानतळावरची वर्षाची सरासरी जेमतेम सहा इंच. त्या सरासरीवरही भरवसा ठेवता येत नाही, कारण एखादा हिवाळा जवळजवळ कोरडा जातो आणि फेब्रुवारी २०१९ सारख्या एकाच महिन्यात वीस इंच पडतो. शिवाय पडला की टिकत नाही. तेव्हा माझा सल्ला एवढाच: गाडी आहे तिथेच राहू द्या, पहाटे उठा, आणि या बर्फातलं जे सगळ्यात आधी नाहीसं होणार ते सगळ्यात आधी बघा.

आज झोपायच्या आधी उत्तरेकडच्या, कॅनडाच्या सीमेजवळच्या बेलिंगहॅमचा वारा बघून ठेवा. इथे बर्फ पडायचा तर दोन गोष्टींची गाठ पडावी लागते. पॅसिफिकवरची ओल रोजचीच, पण ती ऊबदार हवेसोबत येते, म्हणून हिवाळाभर आपल्याला पाऊस. कडाक्याची थंडी येते ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या भागातून, फ्रेझर नदीच्या खोऱ्यातून खाली उतरते आणि बेलिंगहॅमच्या बाजूने बाहेर पडते. तिथे ईशान्येचा वारा जोर धरू लागला की समजायचं, थंडी निघाली. ती पोचेपर्यंत ओल पुढे निघून गेली तर आपल्या वाट्याला नुसतं निळं, गारठलेलं आकाश. ओल आधी आली तर ३६ अंश फॅरनहाइटवरचा (गोठणबिंदू ३२) पाऊस. त्यात प्युजेट साउंडचं, म्हणजे आपल्या खाडीचं पाणी भर हिवाळ्यातही ४५ अंशांच्या आसपास असतं आणि किनाऱ्यालगतची हवा गोठू देत नाही. त्यामुळे आपल्याकडे "तीन ते पाच इंच" म्हणतात तेव्हा कधी काहीच पडत नाही, कधी आठ पडतो. अंदाज सांगणाऱ्यांवर लोक चिडतात, ते मला पटत नाही. एखाद्या अंशाच्या फरकावर सगळं अवलंबून असतं, आणि तो अंश आदल्या दिवशी पकडणं फार अवघड काम आहे.

तुम्ही उत्तरेला आहात हे एका परीने बरं. ऑलिंपिक डोंगरांना दोन्ही बाजूंनी वळसा घालून आलेले वारे पुन्हा जिथे एकमेकांना भिडतात तो पट्टा बहुतेक वेळा एव्हरेट ते उत्तर सिएटल यांच्या मध्ये कुठेतरी असतो. त्या पट्ट्यात बर्फ कोसळत असतो आणि दहा मैल दक्षिणेला रस्ते नुसते ओले. उंचीचाही खेळ असतो. माझी टेकडी साडेचारशे फुटांची, पण माथ्यावर बर्फ आणि पायथ्याशी पाऊस असं मी अनेकदा पाहिलंय.

रात्री अकराला पाऊसच दिसला तरी हिरमुसू नका. सर जोराची असली की वरून येणारा बर्फ वाटेत वितळताना हवेतली उष्णता ओढून घेतो आणि बघता बघता तापमान उतरतं. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघत राहा. पावसाच्या रेघा सरळ असतात. त्या मंदावल्या, तिरक्या झाल्या, भरकटायला लागल्या की लेकीला हाक मारा.

आता उद्याचं. सगळ्यात आधी जाते ती शांतता. ताज्या बर्फात इतक्या बारीक पोकळ्या असतात की आवाज त्यात मुरतो, परत येत नाही. वॉलिंगफर्डमध्ये आय-फाइव्ह महामार्गाची घरघर रात्रंदिवस असते, आता तुम्हाला ती ऐकूही येत नसेल. उद्या पहाटे पाचला दार उघडाल तेव्हा कळेल की इतके दिवस कानात काय होतं. सहा वर्षांच्या पोरीला त्या वेळी उठवणं जिवावर येईल, तरी उठवा. पायजम्यावरच जाकीट चढवा आणि रस्त्याच्या मधोमध चाला. बर्फ सारणाऱ्या गाड्या मुख्य रस्त्यांवर असतात, आतल्या गल्ल्यांमध्ये त्या बहुधा येतच नाहीत. ढगांवर शहराचा उजेड पडलेला असतो, जमीन पांढरी असते, टॉर्चची गरज लागत नाही. साडेसहा-सातला शेजारपाजारचे लोक फावडी घेऊन बाहेर येतात आणि ती शांतता संपते.

दुसरं जातं ते फांद्यांवरचं, आणि मला विचाराल तर आपल्या शहरातली खरी मौज तीच. मी मिनेसोटात राहिलोय. तिथला बर्फ कोरडा, भुसभुशीत, वाऱ्यावर उडून जातो, आणि झाडं बहुतेक निष्पर्ण. इथला बर्फ गोठणबिंदूच्या अगदी काठावर पडतो, ओला असतो, जिथे पडेल तिथे चिकटतो. शिवाय आपलं शहर हिवाळ्यातही हिरवं. सीडर, डग्लस फर, फर्न, भिंतींवरचं शेवाळ, सगळं जागच्या जागी असतं आणि त्यावर दोन बोटं पांढरा थर. एखाद्या तारेवरसुद्धा तीन इंच उंच बर्फ उभा राहतो. मिनेसोटात चार फूट बर्फ असूनही हे मला दिसलं नव्हतं. नऊ-दहानंतर टपटप सुरू होते आणि तासाभरात फांद्या मोकळ्या होतात. त्यामुळे उजेड फुटल्या फुटल्या खाली बर्क-गिलमन ट्रेलच्या दिशेने निघा, घाई न करता, झाडं बघत.

ट्रेलवरूनच गॅस वर्क्स पार्कला पोचाल. तिथली मोठी टेकडी हे उत्तर सिएटलच्या पोरांचं घसरायचं ठरलेलं ठिकाण. नऊच्या आत पोचा, अकरापर्यंत उताराचा चिखल होतो. कोळशापासून गॅस बनवण्याचा कारखाना होता तो, १९५६ मध्ये बंद पडला आणि १९७५ मध्ये तिथे बाग सुरू झाली. गंजलेले मनोरे तसेच ठेवलेत. एरवी पावसात ते काळपट, उदास दिसतात. बर्फात त्यांच्या नळ्यानळ्यांवर, शिड्यांवर पांढऱ्या कडा येतात, समोर लेक युनियन हे तळं, पलीकडे डाउनटाउन. मुलगी घसरत असताना तुम्ही थोडा वेळ नुसतं उभं राहून ते बघा.

स्लेड मिळाली नाही याची काळजी करू नका. पुठ्ठा नको, ओल्या बर्फात त्याचा लगदा होतो. सामान ठेवायच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण उत्तम, कपड्यांची प्लॅस्टिकची टोपलीही चालते. झाकणाला भोक पाडून दोरी बांधा म्हणजे परत वर ओढत आणता येईल. तळ्याच्या बाजूच्या उतारावरून मात्र तिला सोडू नका.

कोणी माझ्या टेकडीवर या म्हणालं तर घसरायला येऊ नका, बघायला या. क्वीन ॲन ॲव्हेन्यूच्या ज्या चढाला इथे काउंटरबॅलन्स म्हणतात, तिथे पूर्वी ट्राम वर चढवायला आणि उतरताना आवरायला जमिनीखाली वजनांची गाडी होती, इतका तो उभा आहे. बर्फ पडला की पोलिस रस्ता बंद करतात आणि धीट मंडळी स्की घेऊन उतरतात. वरून बघायला मजा येते, पण खाली चौक आहे. लहान मुलांसाठी ती जागा नाही. आणि गाडी का नको म्हणतोय तेही सांगतो. १९ डिसेंबर २००८ ला कॅपिटल हिलवर दोन मोठ्या बस उतारावरून घसरत गेल्या, कठडा तोडला आणि एकीचं तोंड आय-फाइव्हच्या वर लोंबकळत राहिलं. त्या वर्षी शहर रस्त्यांवर मीठ टाकत नसे, ते वाहून प्युजेट साउंडमध्ये जातं म्हणून. वाळू टाकली, ती पुरली नाही, आमची टेकडी कित्येक दिवस तुटलेली होती. पुढच्या वर्षी महापौर निवडणुकीच्या पहिल्याच फेरीत बाद झाले, त्यात या बर्फाचा वाटा मोठा होता असं इथे आजही म्हणतात. आता मुख्य रस्त्यांवर आधीच मिठाचं पाणी फवारतात, पण उतार तेच आहेत.

दुपारी अंगात दम उरला असेल तर एक वेगळी गोष्ट सुचवतो. यू-डिस्ट्रिक्ट स्टेशनपर्यंत चालत जा, लाइट रेलने डाउनटाउन गाठा आणि कोलमन डॉकच्या धक्क्यावरून बेनब्रिज बेटाच्या फेरीबोटीत पायी चढा. (वेळापत्रक आधी बघून घ्या. बर्फाच्या दिवशी सगळ्यांतच थोडी ओढाताण असते.) पस्तीस मिनिटांचा प्रवास, लेकीला दोन्हीकडे तिकीट नाही, तुमचंही फक्त जाताना लागतं, येताना नाही. मागच्या डेकवर उभ्या राहिलात तर अख्खं शहर, टेकड्यांसकट, पांढरं झालेलं एका नजरेत दिसतं. ढग फाटले तर समोर ऑलिंपिक्स. तिकडे न उतरता त्याच फेरीने परत यायची सोय नसते, खाली उतरून पुन्हा रांगेतून चढावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

आणि रस्त्यात भेटेल त्याच्याशी बोला. पावसात आपण सगळे टोपी डोळ्यांवर ओढून चालतो. २०१९ च्या फेब्रुवारीत माझ्या गल्लीतली जी माणसं मला वर्षानुवर्षं फक्त रेनकोटच्या रंगावरून माहीत होती, त्यांनी मिळून मधल्या चौकात बर्फाची भिंत उभारली. त्यातल्या एका आजोबांकडे मी अजून दर रविवारी बुद्धिबळ खेळायला जातो.

पानगळ (मंगळवार, रात्री ९:५०)

टेकडीकरांनी झाडांचं लिहिलं, मी पाखरांचं लिहिते. रिमझिम, तुमच्या अंगणात किंवा शेजारी हमिंगबर्डचा फीडर आहे का? आपल्याकडचा ॲनाज हमिंगबर्ड हिवाळ्यात दक्षिणेकडे जात नाही, इथेच राहतो. कडाक्याच्या रात्री तो शरीराचं तापमान उतरवून जवळजवळ निपचित होतो आणि उजाडल्यावर त्याला लगेच साखर लागते. फीडर गोठलेला असेल तर फार हाल होतात. तेव्हा अंधार पडला की फीडर घरात घ्या आणि पहाटे तुम्ही उठाल तेव्हा कोमट करून बाहेर टांगा. एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. मध नको, गूळ नको, रंग नको. मग दहा मिनिटं खिडकीशी उभ्या राहा. एवढासा जीव, भर बर्फात गळ्याशी गुलाबी चमक घेऊन समोर थरथरत उभा राहतो. लेकीला हे नक्की दाखवा.

घराजवळ ऱ्होडोडेंड्रॉन असेल तर त्याच्याकडेही बघा. थंडी वाढते तशी त्याची पानं खाली लोंबतात आणि विडीसारखी गुंडाळली जातात. जितकी थंडी जास्त, तितकी गुंडाळी घट्ट. मी थर्मामीटर न बघता त्याच्यावरूनच किती कपडे घालायचे ते ठरवते. झाड मेलं की काय असं वाटतं, तसं काही नसतं, ऊब आली की पानं पुन्हा सरळ होतात. फुललेल्या हेलेबोरचंही तसंच: सकाळी जमिनीला टेकलेलं असतं, दुपारी उठून उभं राहतं.

कॅमेलियाच्या किंवा बांबूच्या फांद्या वाकल्या असतील तर झाडूने खालून वर हलकं उचलून बर्फ पाडा. वरून झोडपू नका. आणि मोठ्या सीडरखाली उभ्या राहू नका. ओला बर्फ फार जड असतो, फांदी मोडताना आधी आवाज येतोच असं नाही.

रात्रपाळी (बुधवार, पहाटे ४:२०)

फर्स्ट हिलवर रुग्णालयात नर्स आहे, मधल्या सुट्टीत लिहितेय. पडतोय! पार्किंगच्या गच्चीवर आत्ताच जाऊन आले, घोट्याच्या वर आलाय.

टेकडीकरकाका, तुमच्या क्रमात एक भर घालते. आम्हा रात्रपाळीवाल्यांना पहिला बर्फ आपोआप मिळतो. साडेसातला सुटले की रोजच्यासारखी बस न शोधता कॅपिटल हिल स्टेशनपर्यंत चालत जाणार, आधी सेंट जेम्स कॅथेड्रलवरून आणि मग कॅल अँडरसन पार्कमधून. त्या कॅथेड्रलला पूर्वी मोठा घुमट होता. २ फेब्रुवारी १९१६ ला बर्फाच्या भाराने तो आत कोसळला. त्या वादळात एका दिवसात एकवीस इंचांच्या वर बर्फ पडला होता. घुमट पुन्हा बांधलाच नाही. मी रोज तिथून जाते, पण वर कधी बघत नाही. आज बघणार. पार्कात आठ वाजताच कोणीतरी बर्फाचे गोळे फेकायला लागलेलं असतं आणि स्क्रब्ज घातलेल्या बाईला कोणीही दयामाया दाखवत नाही. मीही दाखवत नाही. चौदा तास उभं राहून आल्यावर ती पंधरा मिनिटं मला झोपेपेक्षा जास्त विसावा देतात.

रिमझिम, याद्या नको म्हणालात, म्हणून दोनच गोष्टी. घसरताना लेकीला बसवून पाय पुढे करून सोडा, डोकं पुढे करून नाही. आणि ओल्या फांद्यांनी तारा तुटून वीज गेली, तर काहीही झालं तरी कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात आणू नका. डिसेंबर २००६ च्या वादळानंतर या भागात कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली, थंडीने कुडकुडणारी साधी कुटुंबं होती ती. पांघरुणं घ्या, एका खोलीत झोपा, शेजारच्या आजींकडे जा. बाकी मनसोक्त खेळा. मला तुमचा हेवा वाटतोय, सहा वर्षांच्या मुलीबरोबर पहिला बर्फ!

रिमझिम (बुधवार, संध्याकाळी ६:३०)

तुम्हा तिघांचे किती आभार मानू? कठड्यावर पट्टी धरून मोजला, चार इंचांहून थोडा जास्त. पाच वाजता गजर लावला होता पण मी साडेतीनपासून जागीच होते. दिव्याखालच्या रेघा भरकटताना बघितल्या, टेकडीकर, अगदी तुम्ही लिहिलंत तशा.

आय-फाइव्ह खरंच नव्हता! मी दारात उभी राहून कान देऊन ऐकलं. लेक मात्र माझ्यासारखी उभी राहिली नाही. तिचं सगळं लक्ष कावळ्यांकडे गेलं. समोरच्या लॉनवर कोणाच्याही आधी कावळा चालून गेला होता. तिने त्याची पावलं धरली, एक-एक करत, आणि मध्येच ती संपली. शेवटच्या पावलाच्या दोन्ही बाजूंना पंख्याच्या आकाराचे ठसे होते, पिसंन् पिसं उमटलेली. उडताना पंख टेकले असणार. अशी जागा अजून कुठे सापडते का ते शोधण्यात आमचा सकाळचा तासभर गेला आणि तीन सापडल्या. शाळा बंद असल्याचा निरोप आला तो आम्ही रस्त्यातच वाचला.

गॅस वर्क्सवर साडेआठला पोचलो. डब्याचं झाकण वेगाने जायचं पण वळायचं, टोपली हळू पण सरळ. शेवटी तिने झाकण एका मोठ्या मुलाला दिलं आणि त्याची खरी स्लेड घेतली, हा व्यवहार तिचा तिनेच जमवला. मनोऱ्यांकडे मी बघत राहिले. तिथल्या एका बाई म्हणाल्या की त्या लहान असताना कारखाना बंदच होता आणि आत जाऊ देत नसत. मग त्या आणि मी बराच वेळ बोलत होतो, त्या आमच्याच गल्लीत दोन घरं पलीकडे राहतात.

फेरी या वेळी नाही जमली, पाय उरले नव्हते. पानगळताई, आजींकडे फीडर आहे. आम्ही दोघींनी तो चहाच्या भांड्यातल्या कोमट पाण्यात बसवून मोकळा केला आणि पाचच मिनिटांत पाहुणा हजर. आजी म्हणाल्या, आता रोज संध्याकाळी फीडर आत न्यायचं काम लेकीचं.

आता एक शेवटचा प्रश्न. दुपारी सगळं वितळून पाणी पाणी झालंय आणि रात्री २६ अंश म्हणतात, परवा पाऊस. शाळा उद्या दोन तास उशिरा आहे. घरासमोरचा फुटपाथ आत्ताच साफ करायला हवा का?

टेकडीकर (बुधवार, संध्याकाळी ६:५५)

पंखांचे ठसे! इतक्या वर्षांत माझ्या नजरेला ते कधी पडले नाहीत. पुढच्या वेळी तुमच्या लेकीला विचारून बाहेर पडेन.

हो, फुटपाथ आत्ताच, जेवायच्या आधी. इथे घरासमोरचा फुटपाथ मोकळा ठेवणं हे तिथे राहणाऱ्याचं कर्तव्य आहे, भाडेकरू असलात तरी घरमालकाशी बोलून ठरवून घ्या. पण मुख्य कारण वेगळं: आत्ता जो लगदा आहे तो फावड्याने सहज सरकतो, नऊनंतर त्याचा दगड होईल आणि सकाळी पोस्टमन किंवा आजी त्यावरून जातील. सरकवून झालं की थोडी वाळू किंवा बारीक खडी टाका. सकाळी शाळेला जाताना फुटपाथ चकाकत असेल तिथे पाय ठेवू नका, कडेच्या गवतावरून चाला. गवतावरचा बर्फ खडबडीत राहतो, पाय धरून ठेवतो.

बाहेरच्या नळाला पाण्याची नळी जोडलेली असेल तर काढा, आणि घरातला, बाहेरच्या भिंतीलगतचा नळ रात्री बारीक धारेने सुरू ठेवा.

परवाच्या पावसासाठी अजून एक काम उद्या दुपारी करा. कोपऱ्यावरची पावसाच्या पाण्याची जाळी शोधा. तिच्यावर बर्फ आणि शरदातली पानं साचलेली असतात. पाऊस आणि वितळलेलं पाणी एकदम आलं की चौकात तळं होतं. दंताळ्याने एक हातभर वाट करून दिली तरी पुरते. हे काम लेकीला द्या, पाणी गरगरत खाली जाताना बघायला तिला आवडेल. गाड्यांकडे लक्ष ठेवायला तुम्ही रस्त्याच्या बाजूला उभ्या राहा.